हिरवं रान आणि नजर पैसेवारी

किल्लारी, ता. औसा

चि. नातीस,

हिरवंगार पान खरंच काम करतंय का, हे लांबून ओळखता येईल का, असं तू विचारलंस. हा आपल्या सोयाबीनचाच प्रश्न आहे. शेंगा भरायच्या वेळी पाऊस ओढ देतो, तरी रान काही दिवस हिरवंच दिसतं. सप्टेंबरअखेर नजर अंदाज पैसेवारी, म्हणजे पीक किती येईल याचा सरकारी अंदाज, लागते, तीही त्या हिरवेपणाकडे बघून. मग मळणीला दाणा बारीक, सुरकुतलेला निघतो. उपग्रहाच्या नेहमीच्या चित्रांतही बहुतेक हिरवेपणाच मोजलेला असतो.

आधी एक करून बघ. पालकाची पानं स्पिरिटमध्ये वाटून गाळून घे आणि अंधारात त्या रसावर नोटा तपासायचा जांभळा दिवा धर. हिरवा रस लाल चमकेल. ही क्लोरोफिलची प्रतिदीप्ती. रसातलं क्लोरोफिल प्रकाश घेतं, पण तो कामाला लावणारी पानाची यंत्रणा तिथं उरलेली नसते. जिवंत पानात घेतलेल्या प्रकाशातला काही भाग अन्न तयार करण्यात जातो, काही उष्णता होऊन निघून जातो, आणि एखाद-दोन टक्के असा लाल उजेड होऊन बाहेर पडतो. अंधारातलं पान उजेडात आणलं की हा उजेड आधी चढतो आणि मग उतरतो, हे जर्मनीत हान्स काउट्स्की यांनी 1931 मध्ये नोंदवलं.

भर उन्हात हा लाल उजेड डोळ्यांना दिसत नाही. तिथं हवेतला ऑक्सिजन मदतीला येतो. सूर्यप्रकाशातला 760 नॅनोमीटरजवळचा अरुंद पट्टा तो बराचसा शोषून घेतो, म्हणून वर्णपटात तेवढी जागा काळवंडलेली असते. पानाचा स्वतःचा उजेड 650 ते 800 नॅनोमीटरपर्यंत पसरलेला असल्यामुळे ही जागा किंचित उजळते. शेतातल्या खांबावरचा वर्णपटमापक आळीपाळीने आकाशाकडे आणि पिकाकडे बघतो आणि त्या किंचितशा फरकावरून हिशेब मांडतो. पानाला हातही लावावा लागत नाही. मला ही युक्ती फार मोठी वाटते.

जपानच्या गोसॅट उपग्रहाच्या नोंदींवरून 2011 मध्ये साऱ्या जगाचे या प्रतिदीप्तीचे नकाशे निघाले. पण त्याचा एकेक ठिपका सुमारे दहा किलोमीटरचा. त्यात आपलं सोयाबीन, तूर, द्राक्षबागा आणि पडीक रान सगळं एकत्र येतं. म्हणून यंत्र शेतात हवं, आणि तेही वेळेवर.

1993 च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे 617 मीटर खोल विंधण घेतलं. काळा पाषाण 338 मीटरवर संपतो हे तेव्हा कळलं, पण हजारो माणसं गेल्यावर. पिकाच्या बाबतीत यंत्र नुकसानीच्या आधी यावं, एवढंच माझं मागणं आहे.

मात्र एकट्या आकड्यावर विसंबू नकोस. पाण्याचा ताण पडला की पान जास्तीचा प्रकाश उष्णतेत घालवतं, त्यामुळे प्रतिदीप्तीही घटते. सोयाबीनची पानं उन्हाला कड देऊन उभी राहतात, त्यानेही आकडा बदलतो. ढग आले तर नोंद बिघडते. म्हणून पानाचं तापमान आणि जमिनीतली ओल सोबत मोज. एका पट्ट्याला संरक्षित पाणी दे, शेजारचा कोरडवाहू ठेव आणि दोन्हींची तुलना निरभ्र दिवशी, एकाच वेळेला कर. आपल्या ओढ्याकाठच्या तुकड्यात भारी आणि मुरमाड अशी दोन्ही जमीन आहे. खांबाला जागा मी देतो.

तुझे आजोबा