पडलेल्याला हात

कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड जिल्ह्यात माजलगाव, गेवराईकडच्या रस्त्यांवर उसाच्या जोड ट्रॉल्या धावू लागतात. मागून हॉर्न वाजतो आणि शाळेला निघालेली मुलगी सायकल साइडपट्टीवर घेते. धोका असतो तो पुन्हा रस्त्यावर येताना. मुरूम खचल्यामुळे डांबराची कड उंच झालेली असते. पुढचे चाक त्या कडेला तिरपे घासते, तोल जातो आणि कोपर, गुडघा सोलवटून निघतो. अशा ठिकाणी खाली उतरावे, सायकल उचलून वर घ्यावी.

साइडपट्टी भरणे हे रस्ता राखणाऱ्यांचे काम, अंतर ठेवून पुढे जाणे हे वाहनचालकाचे. आणि कुणी पडलेले दिसले तर थांबणे हे तुमचे-माझे. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती नको. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. डोक्याला मार असेल तर १०८ला फोन करा. नुसते खरचटले असेल तर जखमेवर पाणी घाला, उतरलेली चेन बसवून द्या. त्या मुलीने उद्याही न घाबरता सायकलवर बसावे, एवढा धीर देणे आपल्या हातात आहे.