कावळ्याचे घरटे

सकाळची मिस्सा आटोपली की चर्चमधून पायी घरी परतणारे आम्ही पाच-सहा जण आहोत. बहुतेक सगळे निवृत्त. वाटेतले बोलण्याचे विषय ठरलेले असतात : फादरांचे प्रवचन, आमचे गुडघे, भाजीचे भाव आणि कोणाचा मुलगा कॅनडाला निघाला ते. मोठा रस्ता सोडून आम्ही मुद्दाम बावखलाच्या काठची जुनी वाट धरतो. आपल्या वसईतली कितीतरी बावखले भरावाखाली गेली. हे एक अजून शिल्लक आहे, आणि आहे तोवर त्याच्या काठाने चालावे असे आम्हांला वाटते.

त्या काठावर एक आंबा आहे. मे महिन्याच्या शेवटी त्यावर कावळ्याच्या जोडीने घरटे बांधायला घेतले. कावळ्याचे घरटे पाहण्यासारखे असते असे आजवर आम्हांला कोणी सांगितले नव्हते. काटक्या तर होत्याच, पण केबलच्या तारांचे तुकडे, कपडे वाळत घालायच्या हँगरची मोडकी तार, कुठल्याशा झाडूचे काड्यांचे टोक, असे काय काय त्यात विणले होते. सुगरणीच्या खोप्याचे कौतुक सगळे करतात. कावळ्याच्या वाट्याला कौतुक येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात मासळी सुकत घातली की पोराला काठी देऊन बसवतात ते त्याच्यासाठीच. आपले हिंदू शेजारी पितृपक्षात तरी त्याची वाट पाहतात. आपण वर्षाचे बारा महिने त्याला हाकलतो.

पाऊस सुरू झाला, पिल्ले झाली, आणि जुलैच्या आरंभी एके सकाळी आमच्यातल्या एका काकांनी चष्मा पुसून वर पाहिले आणि म्हणाले, "हे पिल्लू काही कावळ्याचं दिसत नाही."

खरेच ते निराळे होते. अंगावर फिकट ठिपके, चोच वेगळी, ओरडणे वेगळे. ते कोकिळेचे होते. कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेले असते. कोकीळ नर कावळ्यांना डिवचून घरट्यापासून दूर नेतो आणि तेवढ्या वेळात मादी आपले अंडे घालून जाते, असे पक्ष्यांचे निरीक्षक सांगतात. कोकिळेचे अंडे कावळीच्या अंड्यापेक्षा लवकर फुटते. मग कावळी बिचारी ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही, त्या परक्या चोचीत घास घालत राहते. पिल्लू घरट्याबाहेर पडून तारेवर बसू लागले तरी तिचे भरवणे थांबत नाही. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले. धो धो पावसात तारेवर बसलेले ते पोर पंख थरथरवत, चोच वासून ओरडत होते आणि भिजलेली कावळी कुठूनसे काही आणून त्याच्या घशात कोंबत होती.

आम्ही चर्चमधून येणारी माणसे. यातून काही धडा घ्यायला हवा असे आम्हांला वाटलेच. एक बाई म्हणाल्या, "बघा, मुक्या जीवाला पण आपलं-परकं नाही. प्रेम करावं तर असं." काका म्हणाले, "प्रेम कसलं? ती फसली आहे. तिला कळलं तर चोच मारून हाकलून देईल." तिसऱ्याने कोकिळेचा विषय काढला : जिच्या आवाजाचे आपण एवढे गोडवे गातो ती आपली पोरे दुसऱ्याच्या दारात टाकते, आणि जिला आपण दगड मारतो ती ती वाढवते. (गोडवे ज्या आवाजाचे गातात तो नराचा असतो, म्हणजे तेही चुकीच्या पत्त्यावर जातात.) तीन माणसे, एक घरटे, तीन धडे.

मग आमचे मास्तर बोलले. मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक; त्यांचा शब्द आमच्यात शेवटचा असतो. ते हसत म्हणाले, "कितीही भरवा, पंख फुटले की जाणार ते उडून. परकं ते परकंच."

आम्ही हसलो. सगळे हसलो, हे इथे लिहायलाच हवे. एक मावशी हसल्या नाहीत. त्यांनी छत्री सावरली आणि त्या आमच्या पुढे चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या मिस्सेला होत्या, पण परतताना मोठ्या रस्त्याने गेल्या. तिसऱ्या दिवशीही तसेच.

या मावशींनी तीस-एक वर्षांपूर्वी सिस्टरांच्या आश्रमातून काही दिवसांची एक मुलगी घरी आणली आणि वाढवली. गावात हे सर्वांना ठाऊक आहे. त्या क्षणी आम्ही ते विसरलो होतो असे म्हणून सुटता येईल. पण खरे सांगायचे तर मास्तर जे वाक्य बोलले ते नवे नव्हते. त्या काळी हेच वाक्य विहिरीवर, लग्नाच्या मांडवात, मावशींच्या पाठीमागे आमच्यापैकी बहुतेकांनी बोललेले किंवा मान डोलावून ऐकलेले होते. निसर्गात धडा शोधायला निघालेल्या आम्हांला आमचेच जुने वाक्य झाडावर लटकलेले सापडले आणि ते आम्ही देवाने शिकवल्यासारखे उच्चारले.

तेव्हापासून आम्ही एका प्रश्नाशी अडलो आहोत. पाखरांकडे, फुलांकडे पाहा, असे प्रभू येशूनेच आपल्याला सांगितले आहे. मग पाहताना चुकते कुठे?

लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू नेमके कावळ्यांचेच उदाहरण देतो (लूक १२:२४). मत्तयमध्ये तीच शिकवण आहे, पण तिथे नुसती आकाशातील पाखरे आहेत; त्यामुळे प्रवचनात बहुधा चिमण्या-कबुतरे येतात आणि कावळा राहून जातो. येशूचे श्रोते यहुदी होते. मोशेच्या नियमशास्त्रात कावळा अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे (लेवीय ११:१५). म्हणजे ज्या पक्ष्याचे नाव काढताच श्रोत्यांनी नाक मुरडावे, तोच त्याने निवडला. एलिया संदेष्ट्याला ओढ्याकाठी भाकर आणि मांस आणून देणारेही कावळेच होते (१ राजे १७), आणि ईयोबाच्या ग्रंथात देव विचारतो की कावळ्याची पिल्ले माझ्याकडे तोंड करून ओरडतात तेव्हा त्यांना अन्न कोण पुरवतो.

ही सगळी वचने पुन्हा वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. यांत कुठेही कावळ्याच्या सद्गुणांची स्तुती नाही. तो प्रेमळ आहे, त्यागी आहे, तुम्ही त्याच्यासारखे व्हा, असे येशू म्हणत नाही. तो पेरीत नाही, कापणी करीत नाही, त्याला कोठार नाही, तरीही देव त्याला खायला घालतो, एवढेच तो सांगतो. बोट कावळ्याकडे आहे, पण दाखवायचा आहे तो पिता. चिमण्यांचेही तसेच. जूनमध्ये आपण ते शुभवर्तमान ऐकले. चिमणी जमिनीवर पडत नाही असे त्यात म्हटलेले नाही. ती पडते, पण पित्याला कळल्याशिवाय पडत नाही. ज्यांच्या घरातून कोणी अकाली गेले आहे त्यांना या दोन वाक्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

इथे कोणी आम्हांला अडवील, आणि अडवावे. आळशी माणसा, मुंगीकडे जा, असे नीतिसूत्रात सांगितलेच आहे. सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निष्कपट व्हा, असे स्वतः प्रभूने शिष्यांना सांगितले. म्हणजे प्राणिमात्रांचे अनुकरण करायला शास्त्राची अगदीच मनाई नाही. खरे आहे. पण तिथे सापाकडून काय घ्यायचे ते एका शब्दात बांधून दिले आहे. त्याचे विष घ्या असे कोणी सांगितलेले नाही. आपण आपल्या मनाने धडा काढतो तेव्हा असे बांधून देणारा कोणी नसतो, आणि मग आपल्या हातात पुष्कळदा विषच येते. जातीचा अभिमान, सुनेला टोमणा, दुबळ्याला दूर सारणे, या सगळ्याला निसर्गात दाखला सापडतो. शोधला की सापडतोच.

पाचव्या दिवशी मास्तरांनी मोठ्या रस्त्यावर मावशींना गाठले. आम्ही मागे होतो. मास्तर म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. बोलायला नको होतं."

मावशी लगेच काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मास्तर, कावळी फसली असेल. मी नव्हते फसले. मला ठाऊक होतं ना." थोडे चालून त्या पुढे म्हणाल्या, "आणि उडून जायचं म्हणाल, तर पोटची तेवढी घरी बसतात काय? तुमचे दोघे कुठे आहेत?" मास्तरांचे दोघे मुलगे न्यूझीलंडला आहेत.

मला ठाऊक होतं, या तीन शब्दांपाशी आम्ही पुष्कळ थांबलो. कावळी उघडी चोच पाहते आणि भरवते. तिला त्याहून अधिक काही करता येत नाही. तिला दोष नाही, श्रेयही नाही. माणसाला मात्र मूल आपल्या पोटचे नाही हे ठाऊक असते आणि तरी तो रात्री उठून त्याचे अंग गरम आहे का पाहतो. संत योसेफाला ठाऊक होते. मत्तयच्या पहिल्याच अध्यायात ते स्पष्ट लिहिले आहे. मरियेला गुपचूप सोडण्याचा त्याचा विचारही झाला होता. मग त्याने तिला घरी आणले आणि बाळाचे नाव ठेवले. नाव ठेवणे हा बापाचा अधिकार, आणि त्या दिवसापासून येशू दाविदाच्या कुळातला झाला तो योसेफाच्या या नाव ठेवण्यामुळे. २०२० च्या डिसेंबरपासून वर्षभर आपण संत योसेफाचे वर्ष पाळले. तेव्हाच्या 'पात्रिस कोर्दे' या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी लिहिले होते की मूल जगात आणल्याने कोणी बाप होत नाही, त्याची जबाबदारी उचलल्याने होतो.

संत पौल तर याच्याही पुढे जातो. आपले देवाशी काय नाते, हे सांगताना तो रोमकरांस, गलतीकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत एकच शब्द वापरतो : दत्तकपण. रोमी कायद्यात दत्तक मुलाला पोटच्या मुलासारखेच नाव आणि वारसा मिळे. लूकच्या शुभवर्तमानात ज्याच्या हुकमाने शिरगणती झाली तो औगुस्त कैसर स्वतः दत्तक होता. जुलियस सीझरने मृत्युपत्रात त्याला मुलगा केले होते. म्हणजे पौलाचे वाचक हा शब्द कमीपणाचा मानीत नसत. आपण मानतो. स्नानसंस्काराने स्वतः दत्तक झालेली आपण माणसे शेजारच्या घरातल्या मुलीला परकी म्हणतो.

आणि आपल्या देशात नुसते गावच तसे म्हणत नव्हते, कागदही म्हणत होता. तरुणांना हे कदाचित ठाऊक नसेल. ख्रिस्ती लोकांसाठी दत्तकाचा स्वतंत्र कायदा नाही आणि १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही. म्हणून वर्षानुवर्षे ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली न्यायालयाकडून फक्त 'पालक' अशी नेमणूक मिळे, आणि मूल सज्ञान झाले की कायद्याच्या लेखी ती संपे. २००० चा बालन्याय कायदा आणि त्यातली २००६ ची दुरुस्ती यांमुळे धर्म कोणताही असला तरी मूल दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. आता त्या जागी २०१५ चा कायदा आहे. मावशींनी मुलगी घरी आणली तेव्हा यांतले काहीच नव्हते. त्यांच्या पेटीतल्या कागदावर आजही 'आई' हा शब्द नाही.

हे आम्हांला त्याच सकाळी कळले. मास्तर अजून खालमानेने चालत होते. तेव्हा मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो मास्तर, एवढं मनाला लावून घेऊ नका. पोरीला पहिलीत घालायला मी तुमच्याच शाळेत आले होते. कोर्टाचा कागद हातात होता. फॉर्मवर आईचं नाव लिहायची जागा आली आणि माझे हातपाय गळाले. तुम्ही कागद पाहिलात, परत माझ्या हातात दिलात आणि त्या जागी माझं नाव लिहिलंत. काही विचारलं नाहीत."

मास्तरांना ते आठवत नव्हते.

बावखलाची वाट मागे राहिली होती, पण आम्ही वळून तिकडूनच गेलो. आंब्यावरचे घरटे रिकामे होते. पिल्लू पलीकडच्या शेवग्यावर होते आणि अजून ओरडत होते.