सामाईक पायावरची मालकी

ॲमस्टरडॅमच्या एखाद्या शंभर वर्षे जुन्या इमारतीत पंचवीस-तीस चौरस मीटरचा स्टुडिओ विकत घेणारा माणूस नोटरीसमोर सही करतो, तेव्हा त्याच्या मालकीचे नेमके काय होते? प्रश्न वकिली वाटतो, पण त्याचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या अंगणात जाऊन पोचते. चार भिंती, एक खिडकी, कोपऱ्यातला ओटा आणि न्हाणीघर हे आता आपले झाले, असे घेणाऱ्याला वाटते. डच कायदा मात्र तसे म्हणत नाही. सदनिकांच्या मालकीचा पहिला कायदा त्या देशाने १९५१ साली केला, आणि आज हे नियम नागरी संहितेच्या पाचव्या भागात आहेत. त्यांनुसार खरेदीदाराला मिळतो तो अख्ख्या इमारतीतला एक हिस्सा, कागदावर चक्क अपूर्णांकात लिहिलेला, आणि त्याला जोडून आलेला एका ठरावीक खोलीच्या एकट्याने वापराचा हक्क. छप्पर, जिना, पाया तर सर्वांचे आहेतच, पण ती खोलीही सामाईक इमारतीचाच भाग राहते. मालकसंघाचे सभासदत्व त्या हक्कासोबतच येते, ते नाकारण्याची सोय नाही. त्यात ॲमस्टरडॅम महापालिकेने १८९६ पासून जमीन विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण धरलेले, त्यामुळे विसाव्या शतकातल्या पुष्कळ घरांखालची जमीन घरमालकांची नाहीच. आयुष्यभराचे कर्ज काढून घेतलेली वस्तू हातात घेऊन पाहावी, तर हातात येतात ती फक्त इतर माणसांशी जडलेली नाती.

माझे म्हणणे असे, की ही कायद्याची चलाखी नाही. मालकी म्हणून जे काही असते ते सगळीकडे असेच असते, बंगल्याच्या कुंपणाआड ते झाकले जाते आणि जुन्या डच इमारतीत उघडे पडते, एवढाच फरक. तिथली जुनी घरे मऊ, पाणथळ जमिनीत खोल ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब भूजलात बुडालेले असतील तोवर शतकानुशतके टिकतात. पाण्याची पातळी खाली गेली, खांबांची डोकी उघडी पडली आणि त्यांना हवा लागली, की बुरशी धरते आणि लाकूड कुजू लागते. मग वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओवाल्याने आपली खोली कितीही निगुतीने ठेवलेली असो, त्याच्या घरालाही तिरपेपणा येणारच. आपल्या वाट्याचा पाया तेवढा दुरुस्त करू म्हटले तर ते शक्य नाही. पुष्कळ ठिकाणी शेजारच्या घराची भिंतही सामाईक असते, त्यामुळे त्या घराशीही बोलावे लागते. म्हणूनच २०१८ पासून तिथल्या प्रत्येक निवासी मालकसंघाने दरवर्षी ठरावीक किमान रक्कम देखभालीसाठी बाजूला टाकलीच पाहिजे, असा नियम आहे. त्याआधी कित्येक लहान संघ नुसते कागदावर होते. सभा नाही, वर्गणी नाही, गंगाजळी नाही. डच लोक अशा संघांना ‘झोपलेले’ म्हणतात.

मालकीसोबत सामाईक जबाबदारी येते, ही समज या देशात जुनी आहे. समुद्रसपाटीखालच्या जमिनीवर राहायचे तर बांध राखावा लागतो. मध्ययुगात ज्याची शेती बांधाच्या आत, त्याच्याकडे बांधाच्या एका तुकड्याची देखभाल असे. ती झेपेनाशी झाली, की त्याने आपले फावडे बांधात रोवायचे आणि जमीन सोडून जायचे. जो ते फावडे उपसेल त्याला जमीन मिळे आणि तिच्यासोबत बांधाची जबाबदारीही. मालकी हस्तांतरित करण्याची इतकी स्वच्छ रीत दुसरी क्वचितच सापडेल.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणूस घेईल. अपूर्णांक कागदावर असो, शेवटी दाराची किल्ली माझ्याकडे, भाव वाढला तर नफा माझा, मग ही मालकी नाही तर काय? याला उत्तर एका डच कायदेपंडितानेच देऊन ठेवले आहे. ह्यूगो ग्रोशियसने सतराव्या शतकात खासगी मालमत्तेचा उगम शोधताना सिसेरोचा नाट्यगृहाचा दाखला घेतला. नाट्यगृह सर्वांचे, तरी ज्या आसनावर जो बसला ते तेवढ्यापुरते त्याचे. म्हणजे किल्ली खोटी नाही, पण ती चालते ती इतरांनी ते आसन मोकळे सोडले म्हणून. आणि नाट्यगृहच कोसळले तर आसनाच्या हक्काला काही अर्थ उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. काहीच खरोखर आपले नसेल, तर भाड्याने राहावे हेच शहाणपणाचे नाही का? स्पिनोझाकडे बोट दाखवता येईल. ॲमस्टरडॅममध्ये जन्मलेला हा तत्त्वज्ञ व्होरबर्ख आणि हेग इथे भाड्याच्या खोल्यांत राहिला आणि १६७७ साली तशाच एका खोलीत वारला. पण त्याचा चरित्रकार कोलेरस एक वेगळी गोष्टही नोंदवतो. वडिलांच्या वारशावरून बहिणींशी वाद झाला तेव्हा स्पिनोझाने आपला हक्क मिळवला, आणि मग एक पलंग तेवढा ठेवून बाकीचे सोडून दिले. हक्क सिद्ध करणे आणि वस्तूला चिकटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे मला या गोष्टीत दिसते. ईशावास्य उपनिषदानेही भोगाला नकार दिलेला नाही, त्याचा रोख आहे तो लोभावर. त्या उपनिषदावर मराठीत वृत्ती लिहिणाऱ्या विनोबांनी १९५१ साली, म्हणजे डचांच्या त्या कायद्याच्याच वर्षी, पोचमपल्लीत भूदान सुरू केले. हा योगायोगच, पण मालकीचे ओझे कमी करण्याचे दोन मार्ग शेजारी ठेवून पाहावेत असा. भाडेकरू मोकळा असतो हे खरे, पण कुजक्या खांबाची जबाबदारी त्याच्यावर नसते. वैराग्याच्या नावाखाली जबाबदारी दुसऱ्यावर टाकणे मला पटत नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र हे सगळे थोडे लटपटते. ज्याला घर परवडते त्यालाच मालकीच्या क्षणभंगुरतेवर चिंतन परवडते, असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. लहान घरे भाड्याने लावण्यासाठी गुंतवणूकदार धडाधड विकत घेत होते, म्हणून २०२२ पासून डच नगरपालिकांना अशा खरेदीवर निर्बंध घालण्याचा अधिकार मिळाला. निर्बंध योग्य की अयोग्य यावर तिथेही वाद आहे. माझा कल त्यांच्या बाजूने आहे, कारण एकाच प्रेक्षकाने दहा आसनांवर रुमाल टाकून ठेवण्याला ग्रोशियसच्या नाट्यगृहात आधार सापडत नाही. राहणारा मालक जिन्यात शेजाऱ्याला रोज भेटतो. दूरच्या गुंतवणूकदाराला भाववाढ हवी असते आणि पायाच्या खर्चाची सभा पुढे ढकललेली बरी वाटते. दोष पैशाचा असेलही, पण मला तो आधी गैरहजेरीचा वाटतो.

मुंबई-पुण्यातल्या सोसायटीच्या सभांना नाके मुरडून नेदरलँड्सला गेलेले मराठी लोकही आता ॲम्स्टलव्हेनसारख्या गावांत घरे घेऊ लागले आहेत. त्यांनी खिडकीतून कालवा दिसतो का हे जरूर पाहावे, पण त्याआधी मालकसंघाच्या मागच्या काही वर्षांच्या सभांची इतिवृत्ते, गंगाजळीचा आकडा आणि पायाच्या तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. सही केलेल्या कराराची प्रत हाती पडल्यावर कारण न देता माघार घ्यायला डच कायदा घर घेणाऱ्याला तीन दिवस देतो. एवढे कागद वाचायला ते पुरतात.