रसिकाची स्मृती

गायक गेल्यानंतर मागे काय उरते, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, कवीची कविता पानावर राहते. गायकाची तान मात्र जन्मताक्षणीच विरू लागते. ध्वनिमुद्रण तिचा आवाज धरून ठेवते हे खरे. पण मैफल म्हणजे केवळ आवाज नव्हे. ती ऐकणाऱ्यांच्या मनात घडते, आणि पुढे राहिलीच तर त्यांच्या स्मृतीत राहते. म्हणूनच गायकाच्या बाबतीत रसिकाची आठवण ही नुसती हौस न राहता एक जबाबदारी होते. ती आपण कशी पाळतो, याचा थोडा विचार वसंतराव देशपांडे यांच्या निमित्ताने करावा, असे आम्ही योजिले आहे.

हे नाव निवडण्यास कारण आहे. वसंतराव आम्हां दिल्लीकर मराठी नोकरदारांच्या पेशाचे होते. २ मे १९२० रोजी वऱ्हाडातील मूर्तिजापूर येथे त्यांचा जन्म झाला. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी धडे घेतले. पुढे लाहोरास असद अली खाँ यांच्याकडून मारवा घेतला. परंतु पोटासाठी त्यांनी धरली ती लष्करी हिशेब खात्यातील कारकुनी. विशी उलटल्यावर लागलेली ही नोकरी चाळिशी उलटेपर्यंत सुटली नाही. मध्यंतरी बदलीचा हुकूम आला तो थेट नेफाचा, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाचा. बदलीच्या कागदाने संसाराची घडी कशी विस्कटते, हे या नियतकालिकाच्या वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. नोकरी सुटली, १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले, आणि त्यातील खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या रूपाने महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. ३० जुलै १९८३ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.

आमची पिढी त्यानंतर जन्मली. आम्ही वसंतरावांना प्रत्यक्ष ऐकलेले नाही. आमचे वसंतराव म्हणजे काही ध्वनिमुद्रणे, त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी त्यांची भूमिका केलेला २०२२ सालचा ‘मी वसंतराव’ हा चित्रपट, आणि मुख्यतः वडीलधाऱ्यांच्या आठवणी. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात किंवा रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत चार निवृत्त गृहस्थ एकत्र जमले, की या आठवणी निघतात. एक जण रजेवर मुंबईस गेला असता पाहिलेला ‘कट्यार’चा प्रयोग सांगतो. दुसऱ्याला मारवा आठवतो. तो म्हणे संध्याकाळ संपू देत नसे. तिसऱ्याचे बोलणे ‘अष्टविनायक’ या १९७९ सालच्या चित्रपटातील, लेकीला निरोप देणाऱ्या बापाच्या गाण्यापाशी येऊन थांबते. त्याची लेक सासरी गेली त्याच वर्षी ते गाणे घरोघरी लागत होते. ऐकताना लक्षात येते, की हे तिघे तीन वेगळ्या माणसांविषयी बोलत आहेत. यांतला खरा वसंतराव कोणता?

कोणी म्हणेल, खरा तो तबकडीवरचा; बाकी सारा माणसांच्या मनाचा खेळ. हे मत आम्हांस मान्य नाही. तबकडी आवाज जतन करते, पण त्या आवाजाने कोणाचे काय झाले, हे तिला सांगता येत नाही. लेकीला निरोप देणाऱ्या त्या बापाचे डोळे भरून आले, ही गोष्टही वसंतरावांच्या गाण्याचाच भाग आहे. तेव्हा रसिकाच्या स्मृतीत रसिक स्वतः मिसळलेला असतो, हा तिचा दोष मानण्याचे कारण नाही. दोष निराळ्या ठिकाणी आहे, आणि तो दुहेरी आहे.

पहिला दोष मालकीचा. ‘तेव्हा मी तिथे होतो’ हे वाक्य उच्चारताना अर्धी स्तुती गायकाची असते, अर्धी आपली. हळूहळू गायक मागे पडतो आणि ‘मी’ पुढे येतो. गंमत अशी, की ‘कट्यार’चा विषयही मालकीचाच आहे. गायकी घराण्याची, की जो जीव ओतून शिकेल त्याची? या प्रश्नाशी झगडणारा खाँसाहेब ज्यांनी उभा केला, त्यांच्याच आठवणीवर हक्क सांगणे हे काही बरे दिसत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तो गोडव्याचा. कारकुनाचा खाँसाहेब झाला, ही कथा आपण परीकथेसारखी सांगतो. त्या कथेत कारकुनीची वर्षे ही केवळ पूर्वरंग ठरतात. वस्तुतः ती वीस-बावीस वर्षे एका गवयाच्या ऐन उमेदीची वर्षे होती. अनेक गुरूंकडून घेतलेले त्यांचे गाणे एका घराण्यात बसत नाही, म्हणून कर्मठांनी नाके मुरडली. आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८२ साली मिळाला, म्हणजे निधनाच्या आदल्या वर्षी. उशिरा मिळालेल्या टाळ्यांनी आधीचे मौन भरून निघत नाही. गोड आठवण ते मौन झाकते, आणि त्यामुळे आजच्या समाजास आपले ऋण फिटल्यासारखे वाटू लागते.

मग रसिकाने करावे काय? आपल्या भाषेत ‘स्मृती’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. स्मृती म्हणजे आठवण. आणि याज्ञवल्क्यादिकांच्या स्मृती म्हणजे आचाराचे नियम. पूर्वजांनी दोन्हींसाठी एकच शब्द वापरला, त्यातून आम्ही आमच्यापुरता असा बोध घेतो, की जी आठवण काही आचार सांगत नाही ती अर्धीच आठवण होय. याचे उदाहरण वसंतरावांनीच घालून दिले आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकरांना ते गुरुस्थानी मानीत. दीनानाथ १९४२ साली गेले. पण त्यांच्या गायकीतील ती झेप, तो बेडरपणा वसंतरावांच्या गळ्यात पुढे चाळीस वर्षे नांदला, आणि तोही नक्कल होऊन नव्हे, तर त्यांचा स्वतःचा होऊन. चाहत्याची आठवण कोठवर जाऊ शकते, याची ही परिसीमा आहे.

आम्हां सामान्यांच्या गळ्यात तान नाही. तरी दोन गोष्टी आमच्या हाती आहेत. ऐकलेले ते ऐकलेले म्हणून सांगावे आणि सांगोवांगीचे ते सांगोवांगीचे म्हणून. म्हणजे पुढच्यांच्या हाती दंतकथा न पडता माणूस पडेल. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी याहून कठीण आहे. दिल्लीतील कोणत्याही मंत्रालयात शेजारच्या टेबलावर नस्ती चाळणारा एखादा गृहस्थ घरी जाऊन तानपुरा जुळवीत असेल. गणेशोत्सवात त्याला ‘वेळ भरून काढण्यासाठी’ दहा मिनिटे दिली जातात, आणि तो गात असता मागच्या रांगांत प्रसादाची चौकशी चालते. तो वसंतराव होईल असे मुळीच नाही; बहुधा होणार नाही. परंतु वसंतरावांची आठवण काढण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने ती दहा मिनिटे स्वस्थ बसून ऐकली पाहिजेत. गेलेल्या गायकाचे ऋण त्याला फेडता येत नाही. ते फेडावयाचे तर जो समोर गात आहे त्यालाच.