मुक्कामाचं देणं

ज्याचं घर पाण्यावर आहे, तो जमिनीवरच्या माणसांचं काय देणं लागतो? समुद्रात असताना हा प्रश्न पडत नाही. तिथे वारा, शीड, पहाऱ्याची पाळी आणि झोप एवढ्यातच दिवस संपतो. नाव पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर उभी केली, की मात्र प्रश्न समोर येऊन बसतो. आमची नाव वर्षातले जवळजवळ सहा महिने अशी उभी असते.

मी आणि माझा नवरा गेली सात वर्षं एका छत्तीस फुटी शिडाच्या नावेवर राहतो. कॅरिबियन समुद्रात चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात. त्या काळात आमच्यासारखी बरीच जोडपी दक्षिणेला त्रिनिदादला येतात. हे बेट साडेदहा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली आहे. बेटाच्या वायव्य टोकाला चॅग्वारामास नावाची जागा आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकी आरमाराचा तळ होता, आता नावा दुरुस्त करण्याची यार्डं आहेत. डोलकाठ्यांचं रानच्या रान जमिनीवर उभं असतं.

शिडाच्या नावेवरचं आयुष्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सूर्यास्त येतो. जमिनीवर उभ्या असलेल्या नावेतलं आयुष्य वेगळंच असतं. घरात शिरायला दहा-बारा फुटांची शिडी चढावी लागते. बेसिनचं पाणी खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर पडेल, म्हणून भांडी बादलीत धुवायची. रात्री संडासला जायचं तर शिडी उतरून, टॉर्च घेऊन, यार्ड ओलांडून जायचं. दिवसभर उकाडा, संध्याकाळी डास. आणि सगळीकडे धूळ. नावेच्या बुडाला शेवाळ आणि बार्नॅकल धरू नयेत म्हणून तांबंयुक्त विषारी रंग लावतात. जुना रंग घासून काढताना त्याची पूड उडते आणि दुपारपर्यंत कानांत, केसांत, चहात जाऊन बसते.

आमच्या नावेचं बूड घासणाऱ्या माणसाचं पणजोबांचं घराणं बिहारकडचं. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४० हजार हिंदी माणसं करारावर या बेटावर ऊसमळ्यांत राबायला आली. आमच्यासारखीच तीही समुद्र ओलांडून आली, पण त्यांच्या प्रवासाच्या तारखा दुसऱ्यांनी लिहिलेल्या होत्या. करार पाच वर्षांचा. परतीचं भाडं मिळायचं ते बेटावर दहा वर्षं काढल्यावर. बहुतेक जण परतले नाहीत. हा गृहस्थ सकाळी फाटकाजवळच्या गाडीवरून दोन बाऱ्यांमध्ये छोले घातलेले 'डबल्स' घेऊन येतो, खातो, तोंडाला मास्क बांधतो आणि नावेखाली शिरतो. मला तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, "पाण्यात कधी जाणार?" आधी मला वाटायचं, सहज विचारतो आहे. मग कळलं, आमची नाव गेली की त्या जागी दुसरी येणार, तिचं काम त्याला मिळणार की नाही यावर त्याचा पुढचा महिना ठरणार.

हाच प्रश्न मला सांगलीहूनही येतो. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांचं सगळं जाऊबाई करतात. त्यांनी कधी ऐकवलं नाही, टोमणा मारला नाही. या जूनमध्ये फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुम्ही कधी येणार ते नक्की सांगा, म्हणजे मला माझं काही ठरवता येईल." त्यांना मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला जायचं होतं.

इथे दोन नीती एकमेकींसमोर उभ्या राहतात. समुद्राची नीती सांगते, तारीख देऊ नकोस. अमुक दिवशी पोचायचंच म्हणून वाईट हवेत नांगर उचलणारे संकटात सापडतात. चांगला खलाशी दिवस वाऱ्यावर सोडतो. ही चैन नव्हे, शिस्त आहे, आणि ती पाळल्यामुळेच आम्ही दोघं धड आहोत. जमिनीची नीती मात्र सांगते, तारीख दे. कारण जो घरी थांबला आहे त्याचं आयुष्य तुझ्या तारखेला अडकलं आहे. तू मोकळा राहिलास की तो तेवढा बांधला जातो.

बर्नार्ड मॉइटेसिए हा फ्रेंच दर्यावर्दी आमच्या जगात जवळजवळ संतपदाला पोचला आहे. १९६८च्या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत तो आघाडीच्या दावेदारांपैकी होता. केप हॉर्न ओलांडून झालं होतं. तरी तो शर्यत सोडून पुन्हा पूर्वेकडे वळला आणि १९६९च्या जूनमध्ये ताहितीला पोचला. समुद्रावर आपण सुखी आहोत, असा निरोप त्याने गलोलीने एका जहाजाच्या डेकवर फेकला होता. बक्षीस आणि कीर्ती यांच्याकडे पाठ फिरवणारा माणूस म्हणून त्याची गोष्ट यार्डातल्या प्रत्येक मैफिलीत निघते. पण काही वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर त्याच नावेतून केप हॉर्न ओलांडणारी त्याची बायको फ्रान्सवाज तेव्हा फ्रान्समध्ये त्याच्या परतण्याची वाट पाहत होती. ती गोष्ट मैफिलीत निघत नाही. कीर्तीचा त्याग करायला माणूस मोकळा असतो, कारण कीर्ती त्याची स्वतःची असते. दुसऱ्याचं वाट पाहणं आपल्या मालकीचं नसतं, मग त्याचा त्याग आपण कसा करणार?

याला एक उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. प्रत्येकाने घरच्यांची सोय पाहायची ठरवलं असतं, तर कुणीच कुठे गेलं नसतं. घर सोडून गेलेल्यांनीच जगाला बरंच काही दिलं आहे. हे खरं आहे. पण आपल्याकडच्या घर सोडणाऱ्यांनीसुद्धा थांबण्याचा नियम करून ठेवला होता, हे आपण विसरतो. पावसाळ्यात भिक्षू फिरतात, कोवळे कोंब आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केल्यावर बुद्धाने वर्षावास घालून दिला, असं विनयपिटकात आहे. जैन साधूंचा चातुर्मासही त्याच जातीचा. मला यातलं विशेष हे वाटतं, की थांबायचं ते स्वतःच्या विश्रांतीसाठी नव्हे. आपल्या चालण्याचा भार दुसऱ्यावर पडतो म्हणून थांबायचं. आणि ते कधीपासून कधीपर्यंत, हे गावाला आधीच ठाऊक असतं.

कोकणातल्या मच्छीमारांनाही हे कुणी शिकवावं लागलं नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या ओढून वर घेतात, झावळ्यांनी झाकतात, जाळी विणायला काढतात. लग्नकार्यं आणि घरची कामं त्या हिशेबाने ठरतात. नारळी पौर्णिमेनंतर होडी कुठल्या दिवशी आत जाईल ते दर्या ठरवतो, पण पावसाळ्यात माणूस घरी असेल हे घराला माहीत असतं.

तेव्हा समुद्राची आणि जमिनीची नीती मी समजत होते तेवढी एकमेकींविरुद्ध नाही. निघण्याची तारीख वाऱ्याची, ती मी देऊ शकत नाही. पण वादळांचा हंगाम दरवर्षी त्याच तारखांना येतो. त्या काळात मी कुठे असेन, हे मी सांगू शकते. नाव यार्डात उभी असताना 'बघू, कळवते' म्हणणं ही खलाशाची शिस्त नाही, ती फक्त सोय आहे.

स्मीटन नावाचं एक जोडपं होतं. माइल्स स्मीटन एके काळी ब्रिटिश हिंदी सैन्यात अधिकारी होते. १९५७मध्ये केप हॉर्नकडे जाताना त्यांची 'त्झू हांग' लाटेने उलटली, डोलकाठ्या मोडल्या, बेरिल समुद्रात फेकली गेली आणि जखमी खांद्याने पोहत परतली. कशीबशी चिली गाठून नाव दुरुस्त केली, तेव्हाही किनाऱ्यावरची माणसंच कामाला आली. पुढे हे दोघं कॅनडात अल्बर्टामध्ये स्थिरावले आणि त्या देशातून नाहीशा झालेल्या स्विफ्ट जातीच्या कोल्ह्यांची पैदास करू लागले. ते कोल्हे १९८३पासून माळावर सोडले गेले, बेरिल १९७९मध्येच वारली होती. त्यांनी हे कुठलं देणं म्हणून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण एवढं खरं, की असं काम वर्षानुवर्षं एका जागी राहूनच होतं.

पैशाने हे देणं फिटत नाही. आम्ही सांगलीला पैसे पाठवतो, यार्डातल्या माणसाची मजुरीही वेळेवर देतो. दोघांनाही ते हवेच आहेत, पण दोघांनी मागितली होती ती तारीख. मी जाऊबाईंना १० ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर असं कळवलं. नवरा नावेपाशी थांबेल आणि ऑक्टोबरात येईल. जाऊबाईंनी दुसऱ्याच दिवशी बंगळूरचं तिकीट काढलं. बूड घासणाऱ्या गृहस्थाला मी सांगितलं, नाव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी हलणार नाही. तो म्हणाला, "मग मधे दुसरं काम धरतो," आणि मास्क वर ओढून पुन्हा नावेखाली गेला.