सणावर मालकी कोणाची?

सण श्रद्धेतून उगवतो. तेव्हा श्रद्धा वेगळी तर सणही वेगळा, हे गणित वरवर बिनतोड वाटते. सीरियात मात्र ते जुळत नाही. दमास्कसच्या उत्तरेला सैदनाया येथे येशूची आई मरियम हिचा मठ आहे. 8 सप्टेंबरला, तिच्या जन्माच्या सणाला, तिथे ख्रिस्ती भाविकांची रीघ लागते; पण मूल व्हावे म्हणून नवस बोलायला मुसलमान स्त्रियाही या मठात पिढ्यानपिढ्या येत आल्या आहेत. यावरचा आक्षेप ठरलेला आहे : ही भाबड्यांची सरमिसळ, धर्म नव्हे. पण कुराणात मरियमेच्या नावाचा अख्खा अध्याय आहे. त्या बायका आपला धर्म उंबऱ्याबाहेर ठेवून येत नाहीत, तो घेऊनच येतात. त्याच महिन्यात, 14 तारखेच्या क्रूसाच्या सणाला, मआलूला या ख्रिस्ती गावाच्या डोंगरांवर आगी पेटतात आणि मुसलमान शेजारीही त्याला हजर राहत आले आहेत. येशूला क्रूसावर मृत्यू आला हे इस्लामला मान्य नाही, म्हणजे इथे मतैक्य अशक्यच. पण शेजाऱ्याच्या आनंदाला हजर राहायला मतैक्य लागते कुठे?

दुसरा आक्षेप जड आहे. सामायिक सणांची गोडी गाणारे सत्तेचा प्रश्न गिळून टाकतात. 21 मार्चच्या नवरोजला, म्हणजे नववर्षाच्या सणाला, कुर्द लोक ज्वाळा पेटवतात. असद राजवटीत त्या दिवशीची सरकारी सुट्टी मात्र मातृदिनाच्या नावाने असे. 2013 मध्ये सशस्त्र इस्लामी गट मआलूलात घुसले आणि तिथल्या चर्चांची नासधूस झाली. सहभागातून संरक्षणाची हमी मिळत नाही, हे मान्यच करायला हवे. तरी त्यातून सणांना कुंपण हवे असे सिद्ध होत नाही. नवरोजचे नाव टाळणारे सरकार आणि चर्च उद्ध्वस्त करणारे बंदूकधारी, दोघांनाही कुंपणच तर हवे होते.