विहिरीचा धनी कोण?

एप्रिल-मे महिन्यांत आपल्या वसईच्या किनारपट्टीवर घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: नळाला जोर नाही. छपरावरची टाकी पूर्वी अर्ध्या तासात भरत असे, आता तास उलटला तरी भरत नाही. मग दोन उपाय सुचविले जातात. मोटर मोठी बसवा, नाहीतर बोअरिंग आणखी खोल न्या. वरकरणी हा सारा यंत्राचा मामला वाटतो. परंतु त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या घरी पाणी कमी येऊ लागले, तर जमिनीतून ते अधिक ओढून घेण्याचा आपला अधिकार कोठवर पोहोचतो?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी पाणी खरोखर कमी झाले आहे काय, हे तपासणे न्यायाचे होईल. ही तपासणी नळापासून सुरू करावी आणि विहिरीशी संपवावी. एकाच नळाची धार बारीक असेल, तर दोष त्या नळाच्या तोंडावरील जाळीत अडकलेल्या रेतीचा किंवा क्षाराचा असतो. सर्वच नळ मंद असतील, तर टाकीचा कॉक अर्धवट बंद आहे काय, जुना लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झाला आहे काय, हे पाहावे. टाकीतील पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, असे ते प्रमाण आहे. टाकी नळापासून तीनच मीटर उंच असेल, तर नळाशी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी दाब मिळणार. त्यात विहिरीचा काहीच अपराध नाही.

टाकीच हळू भरत असेल, तर मात्र पंपाकडे जावे. वीस लिटरची बादली पंपाच्या पाण्याने किती सेकंदांत भरते, हे घड्याळ लावून मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढील वर्षी तुलना करता येते. व्होल्टेज उतरले की मोटर मंदावते. पंपातला पंखा झिजला की पाणी घटते. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या सांध्यातून हवा शिरली, किंवा तळाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये पालापाचोळा अडकला, तर पंप पाणी सोडून देतो आणि दर वेळी त्यात पाणी ओतून तो सुरू करावा लागतो. हे सर्व नीट असूनही पाणी कमीच येत असेल, तर शेवटी दोरीला वजन बांधून विहिरीतील पातळी मोजावी. अनेक घरी दोष पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच सापडतो. तरीही शोध उलट्या टोकाकडून सुरू होतो. आधी विहिरीला दोष, मग शेजाऱ्याला, आणि आपल्या पाइपाला अगदी शेवटी.

काठावर बसविलेला पंप कितीही मोठा घेतला, तरी सात-आठ मीटरपेक्षा खालचे पाणी त्याला सहसा उचलता येत नाही. सुमारे दहा मीटरपलीकडे असा पंप पाणी चढवीत नाही, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नोंदविली. तिचे कारण त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने काही वर्षांतच दाखवून दिले. पंप पाणी ओढतच नाही. तो नळीतील हवा काढतो, आणि बाहेरच्या हवेचा भार पाण्याला वर ढकलतो. ज्याला आपण आपल्या मोटरीचे सामर्थ्य म्हणतो, ते सर्वांच्या डोक्यावर असलेल्या हवेचे देणे आहे!

आपल्या वाडवडिलांच्या रहाटाला जनावराच्या दमाची मर्यादा होती. काठावरच्या पंपाला हवेच्या भाराची मर्यादा आहे. बोअरिंगमध्ये सोडलेला सबमर्सिबल पंप पाण्यात बुडून ते खालून ढकलतो, म्हणून त्याला ही मर्यादा उरली नाही. निसर्गाने घातलेला बांध यंत्राने ओलांडला, की त्या ठिकाणी विवेकाला बांध घालावा लागतो. हे काम कोणताही मेकॅनिक आपल्यासाठी करू शकत नाही.

कोणी म्हणेल, जमीन माझी, वीज माझी, मग पाणी परक्याचे कसे? कायद्यानेही दीर्घकाळ हेच मान्य केले. १८८२ च्या भारतीय ईझमेंट अ‍ॅक्टनुसार आपल्या जमिनीखालचे, ठरावीक प्रवाहाने न वाहणारे पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. महाराष्ट्राने १९९३ साली सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास मनाई केली. पुढे २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. परंतु पाणी सातबाऱ्याचा उतारा वाचून वाहत नाही. जोराने उपसा केला की बोअरिंगभोवती पाण्याची पातळी नरसाळ्यासारखी खाली जाते, आणि त्या घेरात शेजारची उथळ विहीर सापडली, तर ती कोरडी पडते. आपल्या नळाला आलेला जोर तिच्यातून आलेला असतो. समुद्रकाठी तर गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचा थर उपसला की खालचे खारे पाणी वर सरकते, आणि त्याची शिक्षा साऱ्या आळीला भोगावी लागते.

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. गराराच्या गुराख्यांनी पाण्यावर हक्क सांगितला, तेव्हा त्याने एक विहीर सोडली, दुसरीही सोडली. त्यांची नावे एसेक व सितना, म्हणजे भांडण आणि वैर, अशी पडली. तिसरीवर तंटा झाला नाही. तिला त्याने रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे नाव दिले. आपणांस इसहाकासारखे पुढे सरकायला मोकळे रान उरलेले नाही. आपले रहोबोथ आहे त्याच वाडीत साधावे लागेल. वस्तू सांभाळण्यापुरती मालकी माणसाची असावी, उपभोगाच्या वेळी मात्र त्याने ती सर्वांची मानावी, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले. विहिरीइतके या शिकवणीचे चोख उदाहरण दुसरे नसेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मी संयम पाळला, तर वाचलेले पाणी दुसरा उपसून नेईल, कदाचित टँकरने विकेलही. मग माझ्या त्यागाचे फळ काय? एकट्याच्या संयमाने पातळी वाढत नाही, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच संयम हा आळीचा करार व्हायला हवा. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर प्रत्येक विहिरीची पातळी मोजून ती सर्वांसमक्ष मांडावी, उपशाच्या वेळा ठरवाव्यात, उरलेली बावखले बुजू देऊ नयेत. शंभर चौरस मीटर छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन लाख लिटर पाणी होते. त्यातील काही भाग रेती-खडीतून गाळून विहिरीत सोडला, तर आपण घेणाऱ्यांबरोबर देणाऱ्यांतही मोडू.

आणि करार होईपर्यंत? तोवरही मोठी मोटर विकत आणण्यापूर्वी आपल्या नळाची जाळी उघडून पाहावी, आणि मग शेजारच्या विहिरीत डोकावून यावे. या दोन्ही गोष्टींना परवाना लागत नाही, पैसाही लागत नाही.